नाव एकाचे, वेग अनेकांचा

धावण्याच्या शर्यतींचा इतिहास आपल्यापर्यंत बहुधा नामावलीच्या रूपाने येतो. पहिला कोण आला, त्याला किती वेळ लागला, गळ्यात कोणते पदक पडले, एवढे लिहून इतिहासकार पुढे सरकतो. त्या पहिल्या आलेल्याच्या बरोबरीने महिनोन् महिने पहाटेच्या अंधारात आणखी कोण धावत होते, याची नोंद क्वचितच राहते. या लेखात आम्ही त्या नोंद न झालेल्या सोबत्यांचा मागोवा घेऊ इच्छितो. विषय वरवर पाहता लहान आहे : पाच किंवा दहा किलोमीटरच्या रस्त्यावरील शर्यतीसाठी गटाने केलेला वेगाचा सराव. परंतु या लहान विषयाच्या मुळाशी गेले की आमच्या केरीसारख्या गावाला आजही लागू पडणारे एक सूत्र हाती येते. दमसास माणूस एकट्याने कमावू शकतो. वेग मात्र बहुतांशी सोबतीनेच कमावला जातो.

पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांच्या ताब्यात कायमचा गेला. तोवर हा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. येथे स्थिरावलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना त्या काळातील सनदा आणि वतने यांचा अभिमान वाटतो, आणि तो वावगा नाही. पण ती कागदपत्रे एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचत कशी, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. पेशवेकालीन पत्रव्यवहारात ‘जासूद जोडी’ हा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. महत्त्वाचा लखोटा एकट्याच्या हाती न देता दोघांच्या जोडीकडे सोपविला जाई. वाट रानावनाची, नद्या-ओढ्यांची. एकाचा पाय मुरगळला तर दुसऱ्याने पुढे जावे, हा त्यातील उघड हेतू. पुढे इंग्रजी अमदानीत डाक नेणारा हरकारा घुंगरू लावलेली काठी घेऊन आपला टप्पा धावे आणि थैली पुढच्याच्या स्वाधीन करी. म्हणजे अंतर टप्प्यांत तोडणे आणि ओझे वाटून घेणे, या दोन्ही कल्पना आपल्या मातीत जुन्या आहेत. फरक इतकाच की ती धाव कामाची होती. वेग वाढविण्यासाठी वेगाचाच निराळा सराव करावा, असे कोणाच्या मनात आलेले नव्हते.

हा फरक किती महत्त्वाचा होता ते १९२० साली दिसून आले. पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ सालची. तिचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे आले, तेव्हा संस्थेच्या मैदानी स्पर्धांत त्यांना एक विलक्षण दृश्य दिसले. शेतात राबणारी, साध्या अन्नावर वाढलेली मुले अनवाणी पायांनी खडीच्या रस्त्यावरून लांब पल्ल्याची शर्यत धावत होती आणि त्यांतील पुढच्या काहींच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांच्या जवळपास येत होत्या. या अनुभवातूनच हिंदुस्थानचा संघ १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला पाठविण्याची खटपट सुरू झाली. त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्यांनी तेथील मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. पहिला आलेला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन याला २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंद लागले होते.

त्या मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. दोघांतील तफावत १८ मिनिटे १० सेकंदांची. भागाकार केला तर दर किलोमीटरमागे सुमारे २५ सेकंद पडतात. परदेशी हवामानात आणि इतक्या लांबच्या प्रवासानंतर ही शर्यत पुरी करणाऱ्या माणसाचा दमसास संशयातीत होता. उणे होते ते हे २५ सेकंद. लांब पल्ल्याच्या धावण्याची त्यानंतरची शंभर वर्षे म्हणजे असे सेकंद कसे मिळवावेत याच्या शोधाचा इतिहास आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

हा शोध प्रथम युरोपात लागला. १९३०च्या दशकात स्वीडनच्या गोस्टा होल्मेर यांनी ‘फार्टलेक’ नावाची पद्धत रूढ केली. या स्वीडिश शब्दाचा अर्थ ‘वेगाचा खेळ’. रानातून धावताना मधेच जोरात, मधेच सावकाश, मन होईल तसा पल्ला बदलावयाचा. त्याच दशकात जर्मनीत वॉल्डेमार गेर्श्लर या मार्गदर्शकाने हर्बर्ट राइंडेल या हृदयतज्ज्ञाच्या साह्याने या खेळाला गणिताची शिस्त लावली. लहान टप्पा वेगाने धावावा, हृदयाचे ठोके मिनिटाला १८०च्या आसपास जाऊ द्यावेत, ते १२०वर उतरले की पुढचा टप्पा सुरू करावा. दीड मिनिटात ठोके उतरले नाहीत तर टप्पा झेपण्यापलीकडचा आहे असे समजावे. गेर्श्लरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. पुढे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने ४०० मीटरचे टप्पे एकेका दिवशी डझनांनी धावून १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके मिळविली.

येथे कोणी आक्षेप घेईल की झाटोपेक तर पुष्कळदा एकटाच धावे, मग सोबतीची महती कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु झाटोपेक हा अपवाद होता, आणि अपवादावर गावाचा शिरस्ता बसविता येत नाही. सामान्य कुवतीच्या माणसाला वेगाचा सहावा आणि सातवा टप्पा एकट्याने पुरा करणे फार जड जाते. पाय थकण्याआधी मन सबब शोधू लागते. ज्यांची कुवत सामान्य नव्हती, त्यांनाही सोबतीची गरज भासली होती. एक मैल चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस म्हणून रॉजर बॅनिस्टरचे नाव जगाला पाठ आहे. दिवस ६ मे १९५४, वेळ ३ मिनिटे ५९.४ सेकंद. त्या दिवशी ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे या दोन मित्रांनी आळीपाळीने पुढे राहून त्याला वेग आखून दिला होता. आधीच्या हिवाळ्यात हे तिघे ४४० यार्डांचे दहा टप्पे, मधे दोन मिनिटांची विश्रांती घेऊन, एकत्र धावत. टप्प्याची वेळ ६६ सेकंदांवरून उतरत ६१वर आली आणि तेथेच अडली. काही केल्या पुढे सरकेना, तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर सराव थांबवून काही दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत गेले. परतल्यावर तोच टप्पा ५९ सेकंदांत पुरा झाला. गटाने नेमके कधी थांबावे, हेही या हकिगतीत आहे.

आमच्या दृष्टीने याहून मोलाचे उदाहरण न्यूझीलंडचे. ऑकलंड शहरातील एका वस्तीत आर्थर लिडियार्ड नावाचा, जोड्यांच्या कारखान्यात काम करणारा गृहस्थ राहत असे. त्याने जगभरातून निवडक खेळाडू गोळा केले नाहीत. आसपासच्या वस्तीतील पोरांना बरोबर घेऊन तो रविवारी डोंगराळ रस्त्यावर २२ मैल धावे आणि शर्यतीचा हंगाम जवळ आला की त्यांच्याकडून वेगाचे टप्पे करवून घेई. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या गटातील पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये आणि मरी हॅल्बर्गने ५,००० मीटरमध्ये एकाच दिवशी सुवर्णपदक मिळविले. मॅरेथॉनचे कांस्यपदकही त्याच गटातील बॅरी मगीला मिळाले. एका वस्तीतून एवढी माणसे निपजली, याचे श्रेय निव्वळ दैवाला देता येणार नाही.

सोबतीचा हा गुण शास्त्रानेही तपासून पाहिला आहे. सोबतीने किंवा चढाओढीत चालविणारा सायकलपटू एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा वेगवान ठरतो, हे नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकी अभ्यासकाने १८९८ साली दाखवून दिले. १९७१ साली इंग्लंडच्या पग या शरीरशास्त्रज्ञाने वाऱ्याचा हिशेब मांडला. वेगाने धावणाऱ्याच्या मागे साधारण एक मीटरवर राहिल्यास वाऱ्याचा अडथळा सुमारे ८० टक्के कमी होतो आणि प्राणवायूचा खर्च सहा-साडेसहा टक्क्यांनी वाचतो, असे त्याला आढळले. समुद्रावरून येणारा वारा छातीवर घेऊन केरीच्या किनाऱ्यावर जो धावला आहे, त्याला हे आकडे पटण्यास अडचण पडू नये.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे वळू. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत हिने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळविले. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत तिने ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत रौप्यपदक पटकाविले. वृत्तपत्रांनी तिच्या अनवाणी बालपणाच्या कथा आवडीने छापल्या. पण अनवाणी मुली महाराष्ट्रातील हजारो पाड्यांवर होत्या. कविताला जे अधिक मिळाले ते नाशिक येथील प्रशिक्षक विजेंदर सिंग यांचे मार्गदर्शन आणि आपल्यासारख्याच खेड्यांतून आलेल्या धावपटूंचा सहवास. त्याच नाशिकच्या मुशीतून मोनिका आथरे पुढे आली आणि २०१७च्या लंडन येथील जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. १९२० सालच्या अनवाणी मुलांत आणि या मुलींत दमसासाचा फरक फारसा नसावा. फरक होता तो टप्पा मोजणाऱ्या घड्याळाचा आणि खांद्याला खांदा लावून धावणाऱ्या सोबतीचा.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत १९२८ साली झाली आणि लगेच बंद पडली, ती १९६०पर्यंत. स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली आली, तर १०,००० मीटर १९८८ साली. शरीराला झेपणार नाही, हे त्यामागचे कारण सांगितले जाई. आज ते कारण कोणी सांगत नाही. तरीही पहाटे साडेपाचला एकट्या मुलीने रस्त्यावर धावावयास जावे, असे म्हणणारी घरे आपल्यात किती आहेत? आठ-दहा मुली मिळून निघाल्या की तोच रस्ता, तीच वेळ घरच्यांना मान्य होते. मुलांसाठी गट ही वेग वाढविण्याची सोय असेल. मुलींसाठी ती पुष्कळदा घराबाहेर पडण्याचीच अट असते.

महाराष्ट्रात असे गट आज तालुक्या-तालुक्याला दिसतात, पण ते शर्यतीसाठी नव्हेत, भरतीसाठी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावून दाखवावे लागते. त्यासाठी ही मुले उजाडण्यापूर्वी रस्त्याच्या कडेने एकत्र धावतात, एकमेकांची वेळ लावतात, मागे पडलेल्याला हाका मारून ओढून आणतात. शिट्टी, घड्याळ आणि जिद्द एवढ्या साधनांवर चाललेली ही जिवंत परंपरा आहे. वयोमर्यादा उलटली किंवा नोकरी लागली की ती मुले धावणे सोडून देतात, हे खरे दुःख. गावाची शर्यत असेल तर हा गट टिकतो, कारण शर्यतीला वयाची अट नसते.

केरीला यासाठी काय हवे? मैदान नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. तेरेखोलच्या मुखापासून हरमलच्या दिशेने गेलेली आपली पुळण ओहोटीच्या वेळी ओली आणि घट्ट असते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, तेव्हा सरावाचे दिवस तिथी पाहून ठरवावेत. किनाऱ्याला समुद्राकडे उतार असतो. म्हणून जितके टप्पे जाताना, तितकेच परतताना धावावेत, म्हणजे एकाच घोट्यावर ताण पडणार नाही. पाच किलोमीटर २५ मिनिटांत धावू इच्छिणाऱ्याला शर्यतीत ४०० मीटरला दोन मिनिटे लागतील. त्याने सरावात तोच टप्पा १ मिनिट ५० सेकंदांच्या आसपास, सहा ते आठ वेळा, मधे दोन मिनिटे सावकाश धावून करावा. आठवड्यातून असा एक दिवस पुरे. उरलेले दिवस गप्पा मारता येतील इतक्या संथ गतीचे असावेत.

गटाची शिस्त मात्र काटेकोर हवी. साधारण एकाच वेगाच्या चार-सहा जणांनी एका तुकडीत राहावे. दर टप्प्याला पुढारी बदलावा, म्हणजे वारा सर्वांच्या वाट्याला सारखा येईल. शेवटचा टप्पा पहिल्या टप्प्याइतक्याच वेळात व्हावा; पहिल्यातच बढाई मारणाऱ्याला मागच्या तुकडीत पाठवावे. सर्वांत मागचा येऊन मिळाल्याखेरीज पुढचा टप्पा सुरू करू नये. गटाचा एकच मोठा दोष आहे, तो म्हणजे सरावाची शर्यत होणे. तसे झाले की दुबळा दुखावतो, सबळ आपली ताकद आधीच खर्चून बसतो आणि महिन्याभरात गट मोडतो. भजनात पखवाजाची लय टाळकऱ्यांनी धरून ठेवावयाची असते. एखादा टाळकरी आपलेच कौशल्य दाखवू लागला की अभंग विसकटतो. सप्ताहाची परंपरा जपणाऱ्या गावाला ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको.

गोव्यात २०२३ साली ३७वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरली, मैदाने सजली, पाहुणे येऊन गेले. अशा सोहळ्यांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण सोहळा धावपटू घडवीत नाही. तो घडतो दर आठवड्याच्या त्या एका पहाटे, जेव्हा सहाव्या टप्प्यानंतर थांबू पाहणाऱ्याला शेजारचा हात करून बोलावतो. आमच्या जुन्या घराण्यांनी देवळे बांधली, वाचनालये चालविली, नाटके उभी केली. ही सारी कामे गटाचीच होती. त्याच घरांतील कोणा निवृत्त शिक्षकाने हातात घड्याळ घेऊन ओहोटीच्या वेळी सुरूच्या बनाशी उभे राहावे, एवढीच आमची सूचना आहे. पुढेमागे केरीतून कोणी नामवंत धावपटू निघाला तर इतिहास त्याचे एकट्याचे नाव लिहील. बाकीच्यांची नावे तरी आपल्या गावाच्या वहीत लिहिलेली असावीत.