'राखणे' या क्रियापदाची कहाणी

इ. स. १५१९ मध्ये कोर्तेसचे स्पॅनिश सैन्य मेक्सिकोत उतरले, तेव्हा तेथील नाउआ लोकांनी घोडा कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी त्याला 'मासात्ल', म्हणजे हरिण, म्हटले. मेंढीला कापूस आणि बंदुकीला अग्नीची तुतारी. परक्या वस्तूला घरचे नाव देण्याचा हा डौल सुमारे एक पिढी टिकला. पुढे स्पॅनिश नामे लोंढ्याने आली व हरिणाचा घोडा झाला. (मेंढी मात्र कापूसच राहिली.)

नामांच्या अशा आयातीने भाषेचे फारसे बिघडते, असे आम्हांस वाटत नाही; 'टोमॅटो' हा नाउआंचाच शब्द आपणही पचविला आहे. खरा पालट निराळाच होता. इतिहासकार जेम्स लॉकहार्ट यांनी नाउआंची मृत्युपत्रे, जमिनीचे दस्त आणि गावकारभाराचे कागद बारकाईने वाचले. त्यांवरून दिसते की, १६५०च्या सुमारास स्पॅनिश क्रियापदे व 'पर्यंत'सारखी अव्ययेही या भाषेत शिरू लागली. त्याच ओघात 'पिया' या क्रियापदाचा अर्थ पालटला. मूळ अर्थ राखणे, सांभाळणे. मराठीप्रमाणेच या भाषेतही 'माझी मुले आहेत' अशी वाक्याची धाटणी होती. स्पॅनिशच्या सहवासाने 'मी मुले राखतो' या शब्दांनी तोच अर्थ सांगितला जाऊ लागला. शब्द घरचा, अक्षर अन् अक्षर घरचे. विचाराची घडी तेवढी परकी! शुद्धतेच्या पहारेकऱ्याला ही चोरी दिसावी कशी? आपल्याकडे राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी 'फक्त' आणि 'शिवाय' आपल्या तोंडून गेले नाहीत.

आणि हे घडले ते भाषेवर राजाची मर्जी असताना. दुसऱ्या फेलिपेने १५७० साली नाउआत्लला तेथील मूळ रहिवाशांची अधिकृत भाषा ठरविले होते. मोलिना या ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा मोठा कोश १५७१ साली छापला गेला. न्यायालयांत तिचे दस्त चालत. या भाषा नाहीशा कराव्यात, अशी तिसऱ्या कार्लोसची आज्ञा निघाली ती १७७० मध्ये. तोवर बाजारात, शेतावर, शेजारात स्पॅनिश माणूस रोजचा झाला होता आणि दुभाषी घरे वाढली होती. परप्रांतात दोन भाषांत संसार करणाऱ्या आम्हां मराठी माणसांस हे वाचताना आपल्याच मुलांची वाक्ये आठवतात.

मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत सुमारे १६ लाख लोक नाउआत्ल बोलणारे म्हणून नोंदले गेले. त्यांची 'पिया' अजून दोन्ही अर्थ वागविते.