यवन राजाच्या नाण्यावरील वासुदेव

अमरावतीच्या भगिनींना रुक्मिणीहरणाची कथा नव्याने सांगायला नको. कौंडिण्यपूरच्या भीष्मक राजाची कन्या अंबादेवीच्या दर्शनाला आली व तेथूनच श्रीकृष्णाने तिला रथात बसवून नेले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पाठलागावर आलेल्या रुक्मीची कृष्णाने दाढीमिशी भादरली, तेव्हा सोयऱ्याची अशी विटंबना बरी नव्हे म्हणून थोरल्या बळिरामानेच त्याला सोडविले. रुक्मी लाजेने घरी परतला नाही. त्याने भोजकट वसविले. तेच आपले भातकुली, असे मानतात.

या दोघा भावांची चित्रे असलेली चांदीची नाणी फार दूर, अफगाणिस्तानात मिळाली आहेत. आमू दर्या नदीच्या काठी आय खानूम नावाचे ग्रीकांचे जुने शहर होते. तेथे १९७० साली फ्रेंच संशोधकांना उत्खननात अशी सहा चौकोनी नाणी सापडली. ती आगाथोक्लीस या ग्रीक राजाची, इ. स. पूर्व १८० च्या सुमाराची आहेत. एका बाजूस नांगर व मुसळ घेतलेला संकर्षण, म्हणजे बळिराम. दुसऱ्या बाजूस शंख-चक्र घेतलेला वासुदेव. राजाचे नाव एकीकडे ग्रीक लिपीत, दुसरीकडे ब्राह्मीत. देवांच्या डोक्यावर छत्रीसारखे काही आहे, कमरेला तलवार आहे. मोरपीस नाही, बासरी नाही. आपल्या देवघरातल्या बाळकृष्णाशी हे रूप जुळत नाही. पण नांगर पाहून बळिराम ओळखायला वऱ्हाडातल्या बाईला पंडित कशाला हवा!

या राजाच्या इतर नाण्यांवर झ्यूस हा ग्रीकांचा देव आहे. मग वासुदेव का? मला वाटते, ज्या लोकांत नाणे चालवायचे त्यांचा देव त्यावर असला की ते विश्वासाने हाती धरतात. राजाला भक्तीपेक्षा बाजार अधिक कळत असावा.

या नाण्यांनी रुक्मिणीहरण खरे ठरले, असे कोणी उत्साहाने म्हणतात. तसे ठरत नाही. नाण्यावर रुक्मिणी नाही, रथ नाही. उलट कृष्णभक्ती अलीकडची, असे म्हणणाऱ्यांनाही हे नाणे गप्प करते. बावीसशे वर्षांपूर्वी हे दोघे भाऊ परक्या राजालाही ठाऊक होते. पुढे हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने विदिशेजवळ बेसनगरला वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला व त्यावर स्वतःला भागवत म्हणविले. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणीचा लेख आहे. ही राणी नागनिका होय, असे मानतात. त्या लेखाच्या आरंभी देवांना वंदन आहे, त्यात संकर्षण-वासुदेव जोडीनेच येतात. एका बाईच्या लेखात ते आहेत, याचे मला विशेष वाटते.

ग्रीकांच्या चांदीच्या नाण्याला द्राख्मा म्हणत. संस्कृतात त्याचे द्रम्म झाले, प्राकृतात दम्म, आणि आपल्या तोंडी दाम. दामदुप्पट म्हणताना आपण त्या यवनांचाच शब्द वापरतो.

रुक्मिणी त्या नाण्यावर नसली तरी कौंडिण्यपुराहून तिची पालखी आषाढीला पंढरपुरास जाते.