रेइश मागुशचा तट

लहानपणी बेतीच्या फेरीबोटीतून पणजीला जाताना पश्चिमेच्या टेकडीवर एक काळवंडलेला कोट दिसायचा. "ते काय?" म्हणून विचारले की मोठी माणसे एका शब्दात उत्तर द्यायची, "तुरुंग." आमच्या पिढीला रेइश मागुशचा किल्ला माहीत झाला तो असा. १९९३ मध्ये तुरुंग तेथून हलला, तटावर झाडे माजली आणि हळूहळू आम्ही तिकडे पाहायचेही सोडून दिले.

२००८ मध्ये दुरुस्ती सुरू झाली. हेलन हॅमलिन ट्रस्ट, इंटॅक आणि गोवा सरकार यांनी मिळून हे काम केले. वास्तुविशारद होते जेरार्ड दा कुन्हा. जून २०१२ मध्ये किल्ला लोकांसाठी उघडला. त्यात मारियो मिरांडांच्या चित्रांचे दालन आहे. तो दिवस पाहायला मारियो मात्र राहिले नाहीत, डिसेंबर २०११ मध्येच ते गेले.

त्याच वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी किल्ला पाहायला गेलो. सोबत आईचे मामा होते. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. निवृत्त मराठी शिक्षक, वय पंचाहत्तर. १९५५ मध्ये पत्रके वाटताना त्यांना पकडून याच किल्ल्यात ठेवले होते, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. त्यापुढे कोणी कधी विचारले नव्हते. मीही नाही.

चर्चच्या बाजूने चढून वर गेलो की या जागेचे महत्त्व लगेच कळते. येथे मांडवीचे पात्र अरुंद होते. समोर मिरामारच्या बाजूला गास्पार दियशचा कोट होता, तो आज उरलेला नाही. दोन्ही काठांवर तोफा ठेवल्या की मधून जाणारे जहाज माऱ्यातून सुटत नसे. पोर्तुगीजांच्या आधी आदिलशाहीची चौकी याच टेकडीवर होती. १५५१ मध्ये व्हाइसरॉय आफोंसो द नोरोन्यच्या कारकिर्दीत पोर्तुगीजांनी येथे कोट बांधला. आग्वादचा मोठा किल्ला त्यानंतर साठेक वर्षांनी, १६१२ मध्ये पुरा झाला. सतराव्या शतकात डचांनी मांडवीचे तोंड कित्येकदा अडवून धरले, तेव्हा या दोन किल्ल्यांवरच भिस्त होती.

पण धोका फक्त समुद्राकडून नव्हता. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांचे सैन्य बार्देश आणि साष्टीत घुसले. शाहजादा शाहआलमची मोगल फौज चालून आली, म्हणून ते माघारी वळले. पुढे १७०७ मध्ये रेइश मागुशचा कोट नव्याने बांधून काढला गेला. आज आपण पाहतो तो मुख्यतः हाच. त्याची परीक्षा १७३९ मध्ये झाली. तिकडे चिमाजी आप्पांनी वसईला वेढा घातला होता, आणि इकडे वाडीच्या सावंतांच्या फौजा बार्देशात उतरल्या. बघता बघता सारा बार्देश गेला. पोर्तुगीजांकडे उरले ते आग्वाद आणि रेइश मागुश. हे दोन किल्ले टिकले म्हणून मांडवीचे तोंड उघडे राहिले, आणि १७४१ मध्ये पोर्तुगालहून नवी कुमक आल्यावर बार्देश पुन्हा त्यांच्या हाती गेला. या तटाच्या चिऱ्यांनी गोव्याचा इतिहास पुढची दोनशे वीस वर्षे अडवून धरला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

तटाच्या कोपऱ्यावरच्या गोल पहाऱ्याच्या मनोऱ्याशी उभा राहून मी हे सारे मामांना उत्साहाने सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाहेरच्यांना थोपवायला बांधलेला तट, आणि आम्ही पाहिला तो आतून. आतून तट उंच दिसतो रे."

मग ते आत गेले. त्यांना आपली खोली शोधायची होती. ती सापडेना. भिंती स्वच्छ, दिवे लावलेले, चौकटीत चित्रे. एका भिंतीवर त्यांनी तळहात टेकवला. "आता कोरडी आहे. तेव्हा पाठ टेकवली की सदरा भिजायचा." स्वातंत्र्यसैनिकांची माहिती लावलेल्या दालनात त्यांनी चष्मा काढून, पुसून, प्रत्येक ओळ वाचली. मी न राहवून म्हटले, "तुमचे नाव हवे होते." ते हसले. "माझे कशाला? मला एकवीस दिवस ठेवले आणि सोडले. खटला नाही, शिक्षा नाही. कागदच नाही, तर नाव कुठून येणार?"

परतताना फेरीबोटीत त्यांनी सांगितले की पूर्वी एकदा स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्यावर "कागदोपत्री पुरावा जोडावा" एवढाच शेरा आला. त्यांनी अर्ज पुन्हा केला नाही. मी मान खाली घातली. सरकारी कारकून आहे मी, तोच शेरा आजवर कितीतरी अर्जांवर मी लिहिला आहे. नियमाने तो बरोबरच असतो.

जीर्णोद्धार म्हणजे वास्तू मूळ रूपात आणणे, असे आपण म्हणतो. पण मूळ रूप कुठले? १५५१ चे, १७०७ चे, की मामांच्या ओल्या भिंतीचे? दुरुस्ती करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी तट राखला नसता तर मामांना हात टेकवायला भिंतच उरली नसती. चिरे त्यांनी सांभाळले. त्या चिऱ्यांआड काय घडले, ते सांभाळणे आपले काम होते. व्हाइसरॉयांची नावे शिलालेखांत आणि दप्तरांत आहेत, आमच्या माणसांचे एकवीस दिवस कुठेच नाहीत.

मामा २०१६ मध्ये गेले. त्या रविवारनंतर मी त्यांच्याकडे वही घेऊन बसलो होतो. जेमतेम चौदा पाने झाली. जेवण काय मिळायचे, शेजारी कोण होते, रात्री नदीवरून कसले आवाज यायचे, एवढेच. पण आता ते कागदावर आहे.

तुमच्या घरातही असे कोणी असेल, किंवा त्यांच्याकडून ऐकलेले कोणी असेल. रेइश मागुशला जरूर जा, तटावरून मांडवी पाहा. पण त्याआधी एक वही घेऊन त्यांच्यापाशी बसा.