धडधडत्या हृदयाचे स्थिर चित्र

पेण, रोहा परिसरात छातीत दुखू लागल्यास ईसीजी तालुक्याच्या गावीच काढता येतो. मात्र हृदयाची सीटी अँजिओग्राफी किंवा एमआरआय करायची झाल्यास रुग्णाला बहुधा पनवेल, नवी मुंबई वा मुंबई गाठावी लागते. एवढा प्रवास आणि खर्च करूनही चित्र अस्पष्ट निघाले, तर निदान अडते. मोडलेला हात स्थिर ठेवता येतो. हृदय मात्र मिनिटाला ६० ते १०० वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली सरकते. या दोन्ही हालचालींवर मात कशी केली जाते, हे रुग्णानेही जाणून घेणे उपयोगाचे आहे.

हालचालीने काय बिघडते?

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या मुख्य वाहिन्यांचा व्यास साधारण २ ते ४ मिलिमीटर असतो. चित्रणाच्या क्षणी वाहिनी हलली, तर निरोगी भाग अरुंद दिसू शकतो किंवा खरा अडथळा झाकला जाऊ शकतो. अनेक सीटी यंत्रे हृदयाचे चित्र लागोपाठच्या काही ठोक्यांत तुकड्यातुकड्याने घेऊन जोडतात. पेणच्या कारखान्यांत साच्यातून काढलेले शाडूच्या मूर्तीचे दोन भाग जोडताना किंचित सरकले, तर सांध्यावर पायरी पडते. श्वास किंवा ठोका चुकल्यास सीटीच्या चित्रातही रक्तवाहिनीवर तशीच पायरी उमटते.

ठोक्याचा विसावा

यावरील मुख्य उपाय ईसीजीचा आहे. मिनिटाला ६० ठोके असतील तर एका ठोक्याला एक सेकंद लागतो. आकुंचनानंतर हृदय शिथिल होते, तेव्हा क्षणभर ते जवळजवळ स्थिर असते. ईसीजीच्या संकेतावरून नेमक्या त्या क्षणाची माहिती वापरली जाते. ठोके वाढले की हा विसावा सर्वाधिक आखडतो. म्हणून गरजेनुसार ठोके कमी करणारे औषध दिले जाते. २००५ मध्ये आलेल्या दोन क्ष-किरण नळ्यांच्या यंत्रांनी एका चित्राचा वेळ सुमारे ८३ मिलिसेकंदांवर आणला. ठोके अनियमित असल्यास मात्र ईसीजीचा हा हिशेब चुकू शकतो.

श्वासाचा माग

सीटीत काही सेकंद श्वास रोखणे पुरते. एमआरआयमध्ये तो अनेकदा १० ते १५ सेकंद, तोही पुन्हापुन्हा रोखावा लागतो. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या श्वासपटलाची जागा यंत्र सतत टिपते आणि ते ठरलेल्या काही मिलिमीटरच्या पट्ट्यात असतानाचीच माहिती स्वीकारते. तपासणी लांबते, पण चित्र टिकते.

किरणोत्सारी औषध देऊन हृदयाचा रक्तपुरवठा पाहणाऱ्या तपासण्या कित्येक मिनिटे चालतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातील पहिली पेट तपासणी सुविधा सुरू झाली. त्या प्रकारच्या तपासणीतही ही अडचण येते. इतका वेळ श्वास रोखणे अशक्य असल्याने माहिती ठोक्याच्या व श्वासाच्या टप्प्यांनुसार वेगळी करून संगणकावर जुळवावी लागते. जुळणी चुकली, तर रक्तपुरवठा कमी असल्याचा खोटा आभास निर्माण होतो.

रुग्णाने काय करावे?

सीटी अँजिओग्राफीपूर्वी केंद्राने सांगितलेल्या काळात चहा-कॉफी टाळावी. गाडीतून उतरून धावतपळत थेट टेबलावर जाऊ नये. थोडे आधी पोहोचून विसावावे. दमा असल्यास अवश्य सांगावे, कारण ठोके कमी करणारी काही औषधे अशा रुग्णांना त्रासदायक ठरतात. नेहमीची औषधे परस्पर बंद करू नयेत. श्वास रोखण्याचा सराव आधी मागून घ्यावा आणि दरवेळी सारखाच श्वास घ्यावा.

हालचालीमुळे एखादा भाग अस्पष्ट असल्याचा शेरा अहवालात असेल, तर त्या भागाविषयी पुढील निर्णय घेण्यापूर्वी फेरतपासणी लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. मात्र छातीत तीव्र कळ, घाम वा धाप असल्यास अशा तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तातडीने जवळचे रुग्णालय गाठावे.