अठरा रविवार : धुळे तुरुंगातील एक अभ्यासवर्ग

विनोबांच्या 'गीता प्रवचने' या पुस्तकात अध्यायागणिक तारीख दिलेली आहे. वाचक सहसा ती ओलांडून मजकुराकडे जातो. मीही कित्येक वर्षे तसाच गेलो. पुढे केव्हातरी त्या तारखा एकाखाली एक मांडून पाहिल्या. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारी १९३२ चे, शेवटचे १९ जून १९३२ चे. मध्ये ११९ दिवस, म्हणजे बरोबर सतरा आठवडे. अठरा अध्याय, अठरा रविवार आणि त्यांतला एकही चुकलेला नाही.

कायदेभंगाच्या चळवळीचे ते वर्ष. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांबरोबर साने गुरुजी, जमनालाल बजाज आदी सत्याग्रही होते. 'तुरुंगात वेळच वेळ, मग अभ्यास का होणार नाही?' असे आपण सहज म्हणतो. पण तुरुंगातला दिवस कैद्याच्या मालकीचा नसतो. उठणे, काम, जेवण, कोठडी बंद होणे, सारे दुसऱ्याच्या घंटेवर चालते. त्यात खानदेशचा चैत्र-वैशाख. शिवाय त्या वर्षी देशभर हजारो सत्याग्रही तुरुंगात होते. सर्वांच्याच हातून ग्रंथ झाले नाहीत. तेव्हा कारण नुसत्या मोकळ्या वेळात सापडत नाही.

ते मला श्लोकांच्या हिशेबात सापडले. बाराव्या आणि पंधराव्या अध्यायांत वीस-वीसच श्लोक आहेत. दुसऱ्यात बहात्तर, अठराव्यात अठ्ठ्याहत्तर. तरी प्रत्येकाच्या वाट्याला एकच रविवार आला. विषय मोठा म्हणून दिवस वाढवला नाही, लहान म्हणून दोन अध्याय एकत्र उरकले नाहीत. दिवस ठरलेला, त्या दिवसात काय सांगायचे आणि काय सोडायचे, हे वक्त्याने ठरवायचे. आपण नेमके उलटे करतो. विषय मोकळा सोडतो आणि वेळ पुरत नाही म्हणून कुरकुरतो.

अर्थात हे अठरा रविवार आकाशातून पडले नव्हते. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत 'गीताई' रचली होती. सातशे श्लोक त्यांनी एकेक करून मराठीत तोलले होते. लिहून घेणाऱ्याचीही तयारी होती. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढत. रोज ठरल्या वेळी लिहून देण्याची सवय हाताला आधीच होती. म्हणून बोलणाऱ्याच्या मागोमाग तो हात धावू शकला. पुढे नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, 'श्यामची आई'चा बराचसा भाग त्याच हाताने अवघ्या पाच दिवसांत लिहिला. ते पाच दिवस आपल्याला चमत्कार वाटतात, कारण त्यामागची दैनिके आपण मोजत नाही.

याच धुळ्यात, या वर्गाच्या जेमतेम पाच वर्षे आधी, ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे गेले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड देणाऱ्या माणसाला एकाग्रता शिकवण्याची गरज नव्हती. पण त्यांच्या कामाला 'शेवटचा रविवार' नव्हता. कागद संपत नव्हते, प्रश्न संपत नव्हते. त्यांचा धातुकोश १९३७ साली, त्यांच्या पश्चात, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला. मागे राहिलेले दप्तर सांभाळणारी माणसे धुळ्यात निघाली, हे आपले भाग्य.

यातला एक मार्ग बरोबर आणि दुसरा चूक, असे मी म्हणणार नाही. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली कागदपत्रे अठरा रविवारांत गोळा झाली नसती. मात्र नोकरी-संसार सांभाळून उरल्या वेळात अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्यांना राजवाड्यांचे आयुष्य झेपत नाही आणि आपण आदर्श मात्र त्यांचाच धरतो. सगळे साहित्य जमल्यावर लिहू, निवृत्तीनंतर लिहू, असे म्हणता म्हणता वह्यांना वाळवी लागते.

विनोबांचा वर्ग आपल्या आवाक्यातला आहे. आठवड्यातला एक दिवस, त्या दिवसाचा एक अध्याय आणि समोर वाट पाहणारे कोणीतरी. माझ्या समजुतीने यांत तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. पुढच्या रविवारी कोणी लेखणी सरसावून बसणार आहे, हे माहीत असले की आधीचे सहा दिवस आपोआप कामाला लागतात.