विट्याहून दाभोळच्या बंदराकडे

विटा हे गाव काही दर्यावर्दींचे नव्हे. खानापूर तालुक्याचा हा कोरडा मुलूख १९४९ पर्यंत अखंड सातारा जिल्ह्यात मोडत होता, आता सांगलीत आहे. येथील माणसाची ख्याती सोनेचांदी गाळण्याच्या कसबाबद्दल. त्या कसबाच्या बळावर तो भारतभर पसरला. तरीही विट्यातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लोक ‘गुहागर-विजापूर रस्ता’ म्हणतात. एका टोकाला आदिलशाहीची राजधानी, दुसऱ्या टोकाला समुद्र. ही जोडी निव्वळ योगायोगाची आहे, असे आम्हांस वाटत नाही.

विजापूरला समुद्र हवा होता आणि तो त्याला दाभोळने दिला. वाशिष्ठीच्या मुखाशी, उत्तर काठावर वसलेले हे बंदर बहमनी काळापासूनच नावाजलेले. अरबस्तानचे घोडे येथे उतरत. अफानासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात मायदेशी निघाला तोही येथूनच. खाडीने वर चिपळूण, तेथून कुंभार्ली घाट, मग कऱ्हाड आणि पुढे देश, अशी ही वाट.

१५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याच खाडीत शिरला. त्याचा मुलगा लोरेन्सो त्याच वर्षी चौलच्या आरमारी लढाईत पडला होता. त्याचा सूड दाभोळवर उगवला गेला. शहर जाळले, बायकापोरेही वाचली नाहीत. त्या गलबतांच्या शिडांवर क्रूस होता, ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती लोकांच्या इतिहासलेखनात बहुधा ओझरती येते. ती तशी येऊ नये. लढाई चौलला आरमाराशी झाली होती. दाभोळच्या घराघरांतली माणसे तिच्यात नव्हती.

पुढे आगबोटींचे युग आले. मुंबईहून निघालेली बोट किनाऱ्याकिनाऱ्याने हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरे घेत वेंगुर्ल्याकडे व गोव्याकडे जाई. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही. ‘बंदर घेणे’ हा शब्दप्रयोग मोठा भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी बोटीला धक्काच नसे. ती दूर पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. बोट एका लाटेवर, पडाव दुसऱ्या. दोन्ही क्षणभर एका पातळीला आले की खलाशी उतारूला हाताला धरून खाली घेई. म्हातारी माणसे, तान्ही मुले, गाठोडी, कोंबड्या सर्व याच वाटेने. पडाव रेतीला लागला तरी उतारूला पुष्कळदा गुडघाभर पाणी तुडवावे लागे. दाभोळला उतरून चिपळूणकडे जाणाऱ्याला तर भरतीची वाट पाहावी लागे. ओहोटीला खाडी वर जाऊ देत नसे. प्रवासाचे वेळापत्रक कंपनी छापी, पण ते चालवी चंद्र!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशावर आगगाडी आली आणि घाटमाथ्याचा माल मुंबईकडे रुळांवरून वळला. खाडीच्या बंदरांचे महत्त्व ओसरले. सह्याद्रीचे पाणी मात्र आजही तिकडेच जाते. कोयनेचे वीज निर्माण करून सुटलेले पाणी वाशिष्ठीलाच मिळते.

आता ‘मरीना’ हा शब्द आपल्याकडेही कानी पडतो. हौशी लोकांच्या नौका बांधून ठेवण्याचे सुरक्षित बंदर, तेथे पाणी, वीज, इंधन सारे हाताशी. कोचीच्या बोळगट्टी बेटावर असे बंदर झालेही आहे. त्याला आमचा विरोध नाही. परंतु अशा योजनांच्या आराखड्यांत नौकांची लांबी तपशिलाने असते आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या, खारव्यांच्या होड्या कोठे लागतील हे शोधावे लागते. ज्यांच्या हातांनी दोन-तीन पिढ्या उतारू सुखरूप काठाला लावले, त्यांनाच काठावर जागा मागायला लागावी, हे आम्हांस पटत नाही.

विट्याहून आज गाडी काढली तर कुंभार्ली उतरून गुहागरला पोचता येते. तेथून धोपाव्याला गेले की समोर दाभोळ दिसते. २००३ पासून येथे फेरीबोट चालते. ती आपला फळा किनाऱ्यावर टाकते, गाडी थेट आत शिरते आणि कोणाचाही पाय भिजत नाही.