कूलवेबसर्च
कूलवेबसर्च : विंडोज संगणकांवरील इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरचे मुखपृष्ठ बळकावणारा स्पायवेअरचा गट. तो २००३ मध्ये पसरू लागला. सेटिंगमध्ये जाऊन मुखपृष्ठाचा पत्ता पूर्ववत केला तरी संगणक पुन्हा सुरू होताच तो बदललेला दिसे. कारण बदललेला पत्ता हे नुसते लक्षण होते, तो बदलणारा प्रोग्राम रजिस्ट्रीतील नोंदीच्या आधारे नव्याने चालू होई. काही प्रकार होस्ट्स फाइलमध्ये फेरफार करीत, तर काही स्टाइलशीटमध्ये दडत. तिथे शोधायचे सुचणेही कठीण. म्हणून निर्मूलनात क्रम महत्त्वाचा : आधी चालू प्रोग्राम थांबवायचा, मग त्याला जागवणारी नोंद व फाइल काढायची, मुखपृष्ठ सगळ्यांत शेवटी.

अँटिव्हायरस असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप तेव्हा टिकणारा नव्हता. अँटिव्हायरस ज्यांवरून घुसखोर ओळखतो त्या ओळखखुणा तयार होईपर्यंत नवा प्रकार आलेला असे. डच विद्यार्थी मेरिन बेलेकोम याचे हायजॅकदिस हे साधन ओळखखुणांऐवजी घुसखोरीच्या जागाच तपासून यादी देई. त्यातील बरे-वाईट मात्र ते ठरवत नसे, आणि सरसकट नोंदी पुसणाऱ्याचा संगणक बिघडू शके. हा दोष खराच; पण अनोळखी प्रकारही त्यामुळेच सापडत. शिवाय हा गट मायक्रोसॉफ्टच्या जावा यंत्रणेतील त्रुटीतून आत शिरे; ती बुजवलेली नसली, तर साफ केलेला संगणकही पुन्हा बाधित होई.